मोठी प्रतिज्ञा की छोटी सवय? गांधीजींच्या तब्येतीची गोष्ट

रिपोर्ट हातात आला की घरात काय होते, हे आम्ही डॉक्टर रोज ऐकतो. शुगर वाढलेली निघते किंवा बीपी वर गेलेले असते. त्याच रात्री घरात बैठक बसते. उद्यापासून साखर बंद, भात बंद, पहाटे पाचला उठायचे, जिमची वर्षाची फी एकदम भरून टाकायची. पहिला आठवडा जोरात जातो. दुसऱ्या आठवड्यात कुणाचे तरी लग्न येते, पाऊस येतो, ऑफिसात उशीर होतो. महिन्याने पेशंट तपासणीला येतो तेव्हा मान खाली घालून सांगतो की, डॉक्टर, माझ्यात तेवढे मनोबलच नाही.

बहुतेक वेळा दोष मनोबलाचा नसतो. एकाच दिवशी दहा गोष्टी बदलायला काढल्या, तर त्यातली एकही अंगवळणी पडत नाही. हे समजावून सांगताना एका माणसाचे आयुष्य फार उपयोगी पडते. तुम्ही त्यांना शाळेपासून ओळखता. मोहनदास करमचंद गांधी. त्यांच्या राजकारणाविषयी तुम्ही पुष्कळ वाचले असेल. त्यांच्या शरीराची गोष्ट मात्र फार कमी जणांना माहीत असते. या माणसाने आयुष्यात मोठ्या प्रतिज्ञाही केल्या आणि छोट्या सवयीही लावून घेतल्या. प्रतिज्ञांनी त्यांच्या शरीराला काय दिले आणि सवयींनी काय दिले, याचा हिशेब मांडून पाहिला तर तुमच्या-आमच्या कामाचे बरेच काही हाती लागते.

व्यायामाचा तास चुकवणारा मुलगा

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदरला झाला. शाळा राजकोटची. अंगाने किरकोळ, स्वभावाने अतिशय लाजाळू. हेडमास्तरांनी वरच्या वर्गांना कसरत आणि क्रिकेट सक्तीचे केले, तेव्हा या मुलाला ते मुळीच आवडले नाही. शाळा सुटली की घरी जाऊन आजारी वडिलांची सेवा करावी, असे त्याला वाटे. एका शनिवारी ढगाळ हवेमुळे वेळेचा अंदाज चुकला, कसरतीला पोहोचायला उशीर झाला आणि दंडही बसला.

म्हणजे ज्यांना आपण पुढे मैलोन्‌मैल चालताना पाहतो, ते लहानपणी व्यायामाचे शौकीन नव्हते. पण मोकळ्या हवेत लांब फिरायला जावे, त्याने शरीराला फायदा होतो, असे त्यांनी पुस्तकात वाचले होते. ते त्यांना पटले, झेपले आणि त्यांनी फिरायची सवय लावून घेतली. आपले शरीर बऱ्यापैकी काटक झाले याचे श्रेय ते पुढे या सवयीलाच देत.

इथली पहिली गोष्ट लक्षात घ्या. व्यायाम आवडत नाही, असे तुम्ही म्हणता तेव्हा बहुधा तुम्हाला एक ठरावीक प्रकारचा व्यायाम आवडत नसतो. जिम नको वाटत असेल तर जिमला जाऊ नका. चाला, सायकल चालवा, पोहा, बागेत खुरपणी करा. जो प्रकार तुम्ही वर्षभर करू शकाल तो तुमचा व्यायाम.

गाडीभाडे वाचवता वाचवता

४ सप्टेंबर १८८८ रोजी गांधीजी मुंबईहून बोटीने बॅरिस्टर व्हायला इंग्लंडला निघाले. वय अवघे अठरा. लंडनमध्ये पहिले काही दिवस त्यांनी साहेबी पोशाख, नाचाचे वर्ग, व्हायोलिन असा थाट करून पाहिला. मग भानावर आले. थोरल्या भावाच्या पैशावर आपण शिकतो आहोत, तेव्हा खर्च कमी केलाच पाहिजे.

त्यासाठी त्यांनी दोन साध्या गोष्टी केल्या. पहिली, पैन्‌पैचा हिशेब लिहायचा आणि रोज झोपण्यापूर्वी तो जुळवायचा. दुसरी, एका कुटुंबात पैसे देऊन राहत होते ती जागा सोडायची आणि जिथून कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोहोचता येईल अशा ठिकाणी खोली घ्यायची. आधी कुठेही जायचे तर गाडीभाडे पडे आणि फिरायला वेगळा वेळ काढावा लागे. आता जाणे हेच फिरणे झाले. दिवसाला आठ ते दहा मैल, म्हणजे तेरा ते सोळा किलोमीटर चालणे होऊ लागले. इंग्लंडमधल्या मुक्कामात आपण जवळजवळ आजारी पडलो नाही ते या चालण्यामुळे, असा त्यांचा अनुभव होता.

जेवणाचेही तसेच. आईला शब्द दिलेला होता, त्यामुळे मांसाहार करायचा नव्हता. सुरुवातीला उकडलेल्या, बेचव भाज्या घशाखाली उतरत नसत. फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी हॉटेल सापडले, तेव्हा त्या दिवशी ते पोटभर जेवले. पुढे दोन खोल्यांऐवजी एकच खोली घेतली, स्टोव्ह आणला, सकाळी ओटची लापशी आणि कोको घरीच करू लागले. घरून मागवलेली मिठाई आणि मसाले बंद केले. काही दिवसांनी तोच बिनमसाल्याचा पालक त्यांना गोड लागू लागला.

जिभेची चव बदलते, ही गोष्ट आम्ही पेशंटना नेहमी सांगतो. मीठ किंवा साखर कमी केली की पहिले काही दिवस सगळे आळणी लागते. मग जीभ सरावते आणि पूर्वीचा पदार्थ खारट किंवा अति गोड वाटू लागतो. चहातली साखर एकदम बंद करणे जमत नसेल, तर दर आठवड्याला पाव चमचा कमी करा. घरच्यांना कळणारसुद्धा नाही.

आणि चालण्याचेही पाहा. गांधीजींनी व्यायामासाठी वेगळा वेळ काढला नाही. रोज जे करावेच लागते त्यात चालणे घालून टाकले. एक स्टॉप आधी उतरणे, भाजीला स्कूटर न नेणे, दुसऱ्या मजल्यासाठी लिफ्टचे बटण न दाबणे, फोनवर बोलताना खुर्चीत न बसणे, हे सगळे त्याच जातीचे उपाय आहेत.

दात घासताना पाठांतर

१८९३ साली गांधीजी वकिलीच्या कामासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले आणि मधले काही काळ सोडले तर जवळजवळ एकवीस वर्षे तिथेच राहिले. जोहान्सबर्गला असताना, १९०३ च्या सुमारास, त्यांना गीता पाठ करायची होती. वकिली जोरात चाललेली, सार्वजनिक कामाचा व्याप वाढलेला. वेळ कुठून आणायचा?

त्यांनी सकाळच्या वेळेकडे पाहिले. दात घासायला पंधरा मिनिटे आणि अंघोळीला वीस मिनिटे लागत. दात घासायचे ते उभ्याने. मग समोरच्या भिंतीवर त्यांनी गीतेच्या श्लोकांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. दात घासता घासता नवे श्लोक पाठ करायचे, अंघोळीच्या वेळी जुने म्हणायचे. अशा रीतीने तेरा अध्याय पाठ झाले.

सवयींवर आज जे संशोधन होते, त्यातले एक महत्त्वाचे तत्त्व यात आले आहे. नवी सवय अधांतरी लटकत ठेवायची नाही. जी सवय आधीच पक्की आहे, तिच्या खुंटीला ती टांगायची. रोज तीस मिनिटे व्यायाम करीन, हा विचार चांगला असला तरी त्याला खुंटी नाही. रात्रीचे जेवण झाले की हात धुऊन चपला घालीन आणि दहा मिनिटे चालेन, याला खुंटी आहे. चहाचे आधण ठेवले की ते उकळेपर्यंत ओट्याला धरून दहा वेळा टाचा उचलीन. सकाळचा ब्रश झाला की लगेच बीपीची गोळी घेईन. गोळी विसरणाऱ्या कितीतरी पेशंटची अडचण एवढ्याने सुटते.

जेवणानंतरच्या दहा मिनिटांच्या चालण्याला हलके समजू नका. पायांचे मोठे स्नायू काम करू लागतात, तेव्हा ते रक्तातली साखर ओढून घेतात. त्यामुळे जेवणानंतर चढणारी साखर कमी चढते. मधुमेहाच्या पेशंटना याचा चांगला फायदा होतो.

पथ्य एकट्याचे नको

दक्षिण आफ्रिकेतच कस्तुरबा आजारी पडल्या. रक्तस्राव वारंवार होत असे. डाळ आणि मीठ सोडून पाहा, असे गांधीजींनी त्यांना सुचवले. बरेच समजावले तरी बांना पटेना. शेवटी त्या म्हणाल्या की, तुम्हाला कुणी हे सोडायला सांगितले तर तुम्हीसुद्धा सोडणार नाही. गांधीजींनी तिथल्या तिथे वर्षभर डाळ आणि मीठ सोडल्याचे जाहीर केले. बा घाबरल्या, शब्द मागे घ्या म्हणून विनवू लागल्या. गांधीजींनी घेतला नाही. मग बांनीही दोन्ही सोडले आणि त्यांची तब्येत सुधारत गेली.

डॉक्टर म्हणून सांगतो, रक्तस्रावावर डाळ-मीठ सोडणे हा उपचार नाही आणि शाकाहारी माणसाने डाळ सोडू नये, कारण त्याला प्रथिने मुख्यतः तिथूनच मिळतात. या गोष्टीतून घ्यायचे ते वेगळे आहे. घरात एकाला पथ्य लागले की त्याचे ताट वेगळे होते. बाकीचे भजी खातात आणि तो उकडलेला दुधी. असे पथ्य टिकत नाही. नातेवाईकांना माझी विनंती आहे की, पेशंटवर पाळत ठेवू नका, त्याच्या बरोबर चाला. घरातल्या सगळ्यांच्याच भाजीत मीठ थोडे कमी घाला. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा मीठ सांगितले आहे. ते पेशंटसाठी जितके खरे तितकेच बाकीच्यांसाठी.

१९१८: प्रतिज्ञा अंगाशी येते

आता दुसरी बाजू. १९१२ साली गांधीजींनी दूध सोडले. ब्रह्मचर्याचा विचार आणि दुधासाठी गाई-म्हशींवर होणारी क्रूरता, ही त्यामागची कारणे होती. फळे, शेंगदाणे, सुकामेवा यांवर राहायचे असे त्यांनी ठरवले.

१९१८ साली ते गुजरातेत खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीच्या कामासाठी फिरत होते. वय ४८. बैलगाडी मिळत नसे, तेव्हा दिवसाला वीस वीस मैल चालावे लागे. खाणे मुख्यतः शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू. पोट बिघडले. हलका आमांश झाला, तरी त्यांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. मग एका सणाच्या दिवशी कस्तुरबांनी गव्हाची गोड लापशी आणि मूग केले होते. खायचे नाही असे ठरवलेले असूनही ते जेवले. तासाभरात आमांशाने उचल खाल्ली. चोवीस तासांत तीस-चाळीस वेळा शौचाला जावे लागले. औषध नको, इंजेक्शन नको, असा त्यांचा हट्ट. शरीर इतके खंगले की आता आपण जगत नाही असे त्यांना वाटू लागले. महाराष्ट्रातून आलेल्या केळकर नावाच्या डॉक्टरांनी बर्फाचे उपचार केले, तेव्हा थोडी उभारी आली. हवापालटासाठी त्यांना माथेरानला नेले, पण तिथले पाणी सोसेना. गुदद्वाराला चिरा पडून असह्य वेदना होऊ लागल्या.

मुंबईला डॉ. दलाल यांनी तपासले आणि स्पष्ट सांगितले की, दूध घेतल्याशिवाय हे शरीर पुन्हा उभे राहणार नाही. गांधीजींनी प्रतिज्ञेचे कारण सांगितले. त्या वेळी खाटेजवळ उभ्या असलेल्या बांनी विचारले की, प्रतिज्ञा गाई-म्हशीच्या दुधाची असेल तर शेळीच्या दुधाला काय हरकत आहे? डॉक्टरांनी तो मुद्दा उचलून धरला. गांधीजींनी शेळीचे दूध घेतले, १९१९ च्या सुरुवातीला चिरांची शस्त्रक्रियाही करून घेतली आणि ते बरे झाले. प्रतिज्ञेचा अक्षरार्थ पाळला, पण आत्मा सोडला, ही टोचणी मात्र त्यांना पुढे कायम राहिली.

हा प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगितला. एकदम काहीतरी पूर्ण सोडणे, आजाराची पहिली खूण दिसूनही ताणत राहणे आणि एकदा नियम मोडला की एकाच जेवणात सगळे वाहून जाणे, या तिन्ही गोष्टी आम्हाला रोज भेटतात. सतरा दिवस गोड न खाल्लेला माणूस अठराव्या दिवशी श्रीखंडाची अख्खी वाटी संपवतो आणि मग सगळेच सोडून देतो. कडक नियम मोडला की माणसाला वाटते, सगळे संपले. छोटी सवय एखाद्या दिवशी चुकली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करता येते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे दिसले की, नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात. काहींना १८ दिवस पुरले, तर काहींच्या बाबतीत हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडले नाही. तेव्हा एकवीस दिवसांत जमले नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

ससूनमधली रात्र

१९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवले. जानेवारी १९२४ मध्ये तिथे त्यांच्या पोटात दुखू लागले, ताप आला. अपेंडिक्सला सूज होती. १२ जानेवारीच्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. बाहेर वादळी पाऊस, आणि शस्त्रक्रिया चालू असतानाच वीज गेली. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले.

औषधांपासून आयुष्यभर लांब राहू पाहणाऱ्या या माणसाने त्या रात्री शस्त्रक्रियेला संमती असल्याचे लिहून दिले. ते वाचले. फेब्रुवारीत त्यांची सुटका झाली आणि विश्रांतीसाठी ते मुंबईला जुहूच्या किनाऱ्यावर राहिले.

सुजलेले अपेंडिक्स चालण्याने बरे होत नाही. छातीत दुखणे कोमट पाण्याने जात नाही. चांगल्या सवयी असलेले लोक कधी कधी याच भ्रमात उशीर करतात. मी रोज योगासने करतो, मला काय होणार, असे म्हणत दुखणे अंगावर काढू नका.

साठाव्या वर्षी दांडी

१२ मार्च १९३० रोजी गांधीजी साबरमती आश्रमातून मिठाच्या सत्याग्रहासाठी निघाले. बरोबर ७८ सहकारी, त्यातले बहुतेक त्यांच्यापेक्षा कितीतरी तरुण. दांडी सुमारे ३८५ किलोमीटर. २४ दिवस लागले. ६ एप्रिलला सकाळी त्यांनी मूठभर मीठ उचलले.

आता हिशेब करा. रोज सरासरी सोळा किलोमीटर. लंडनमध्ये विशीच्या आतबाहेरचे गांधीजी दिवसाला जेवढे चालत, साधारण तेवढेच. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर राहताना तर जोहान्सबर्ग २१ मैलांवर होते आणि स्वतःच्या कामासाठी शहरात जायचे तर पायी जायचे असा तिथला नियम होता. रात्री दोन वाजता निघून लोक सकाळी शहरात पोहोचत. म्हणजे दांडीच्या वाटेवर गांधीजींच्या पायांना नवे असे काहीच करायचे नव्हते. चाळीस वर्षांची तयारी झालेली होती. शिवाय यात्रेतही त्यांनी घाई केली नाही. दिवसाचे अंतर दोन टप्प्यांत वाटून घेतले, सोमवारी विश्रांती ठेवली. प्रार्थना, सूतकताई आणि रोजनिशी या तीन गोष्टी मात्र प्रत्येकाला रोज करायच्याच होत्या.

तुम्हाला दांडीला जायचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम हवा, आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा. मध्यम गती म्हणजे चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही इतकी. दीडशे मिनिटे म्हणजे आठवड्यातले पाच दिवस तीस मिनिटे, आणि तीही दहा-दहा मिनिटांच्या तीन तुकड्यांत चालतील. आज तुम्ही शून्य मिनिटे चालत असाल तर पाच मिनिटांनी सुरुवात करा. दोन आठवड्यांनी दहा करा. आणि गांधीजींच्या हिशेबाच्या वहीसारखी एक नोंद ठेवा. कालनिर्णयच्या चौकोनात चाललेल्या दिवशी एक टिंब काढले तरी पुरे.

सवयी असूनही बीपी

१९३६ पासून गांधीजी वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहू लागले. अंगकाठी सडपातळ, तंबाखू नाही, दारू नाही, जेवण साधे, रोज सकाळ-संध्याकाळ फिरणे. तरीही त्यांना उच्च रक्तदाब होता. १९३५ च्या अखेरीस तो इतका वाढला होता की डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती घ्यायला लावली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ साली त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यात १९३७ सालचा एक आकडा १९४/१३० आणि १९४० सालचा एक आकडा २२०/११० आहे. १४०/९० च्या वर आम्ही उच्च रक्तदाब म्हणतो, हे लक्षात घेतले की या आकड्यांचे गांभीर्य कळेल.

इतके सगळे नीट करूनही बीपी का? कारण वय, आनुवंशिकता, मनावरचा ताण, अपुरी झोप या गोष्टीही त्यात असतात. चांगल्या सवयींमुळे धोका कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून बारीक माणसानेही, रोज फिरणाऱ्यानेही बीपी तपासून घ्यायचे असते. गांधीजींच्या काळी बीपीवर चांगल्या गोळ्या जवळजवळ नव्हत्याच. त्या सर्रास मिळू लागल्या १९५० नंतर. तुमच्यासमोर ती गोळी आज आहे. मी चालायला लागलो, आता गोळी बंद करतो, असे स्वतःच्या मनाने ठरवू नका. सवय आणि गोळी दोन्ही चालू ठेवा. डोस कमी करायचा का, हे डॉक्टर आकडे पाहून सांगतील.

आगाखान पॅलेस आणि नंतर

९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक करून गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले. सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, त्यांचे सहकारी महादेवभाई देसाई तिथेच वारले. अशा दुःखात २८ ऑगस्टला त्यांनी आरोग्यावरचे एक छोटे पुस्तक लिहायला घेतले आणि १८ डिसेंबरला पुरे केले. दूध सोडून कुणीही निरोगी राहू शकेल, हा जुना आग्रह त्यात उरला नव्हता. आपल्याला दुधाशिवाय चालले नाही, हे त्यांनी मान्य केले होते. अनुभवाने मत बदलायला ते लाजले नाहीत.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबाही त्याच वास्तूत गेल्या. त्यानंतर गांधीजींना मलेरियाने गाठले आणि ६ मे रोजी प्रकृतीच्या कारणावरून त्यांची सुटका झाली. १९४७ च्या जानेवारीत, वयाच्या ७७ व्या वर्षी, दंगलींनी होरपळलेल्या नोआखालीत ते अनवाणी फिरले. सुमारे सात आठवडे, ४७ गावे, ११६ मैल. कच्ची वाट, मधे बांबूचे अरुंद पूल. त्या वयात माणसाला दुसऱ्याच्या दारापर्यंत स्वतःच्या पायांनी जाता आले, याला सवयीचे फळ म्हणायचे. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी प्रार्थनेला उशीर झाला म्हणून ते झपाझप चालत निघाले होते. त्या वाटेवरच त्यांची हत्या झाली.

तुम्ही काय कराल?

गांधीजींचे उपास, त्यांचा आहार किंवा औषधांविषयीची त्यांची मते उचलू नका. त्यांनी जोहान्सबर्गला डोकेदुखीसाठी सकाळची न्याहारी बंद केली होती. तुम्ही मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल आणि न्याहारी बंद केलीत, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. घ्यायची आहे ती त्यांची रीत:

• एका वेळी एकच सवय निवडा. ती इतकी छोटी ठेवा की ताप नसलेल्या कुठल्याही दिवशी जमेल.
• ती रोजच्या एखाद्या पक्क्या कामाला बांधा: जेवण, चहा, ब्रश, देवपूजा, मुलांना शाळेत सोडणे.
• केल्याची खूण कुठेतरी काढा.
• एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट करू नका. नेहमीएवढेच करा.
• घरातल्या एकाला तरी सोबत घ्या.
• दोन महिने झाले आणि ती सवय विचार न करता होऊ लागली, की मगच दुसरी घ्या.

चालताना छातीत दडपण आले, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ गेली, नेहमीपेक्षा जास्त दम लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच थांबा आणि ताबडतोब रुग्णालयात जा. हृदयविकार, गुडघ्यांचा तीव्र त्रास, पायांच्या नसांवर मधुमेहाचा परिणाम किंवा गरोदरपण असेल, तर किती आणि कसे चालायचे हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर अनवाणी चालू नका. चांगले बूट किंवा चपला घाला आणि रात्री झोपताना तळपाय पाहा.

आज रात्री जेवण झाल्यावर टीव्हीसमोर बसण्याआधी चपला घाला आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या. उद्याही तेवढेच करा.